जुना रुपया आणि त्याची प्रतवारी

खानदेशांतील जुन्या घरांत लक्ष्मीपूजनाच्या तबकांत चांदीचे रुपये मांडण्याचा प्रघात आहे. जळगाव शहरांत सामावून गेलेल्या पिंप्राळ्यासारख्या गावांतूनही असे पिढीजात रुपये सांपडावयाचे. चांदीचा भाव चढला म्हणजे या रुपयांवर दोन संकटे येतात. पहिले मुशीचे, दुसरे त्याहून सभ्य, म्हणजे प्रत्येक नाणे अमोल समजून ते प्रतवारीसाठी पाठविण्याच्या हौसेचे. पहिल्यांत इतिहास वितळतो, दुसऱ्यांत द्रव्य. म्हणून कोणते नाणे तज्ज्ञाच्या हाती द्यावे, याचा विवेक प्रत्येक गृहस्थास असणे इष्ट आहे.

प्रतवारीची हल्लीची रीत अमेरिकेतून आली. विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली तेथील जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी १ ते ७० अशी श्रेणी योजिली, आणि पुढे १९८६ साली पी. सी. जी. एस. व १९८७ साली एन. जी. सी. या संस्था निघून त्यांनी नाणे तपासून सीलबंद पेटींत ठेवण्याचा व्यवसाय रूढ केला. त्यांचा परीक्षक दोन गोष्टी पाहतो : नाणे खरे आहे की नाही, आणि त्याची झीज किती झाली. ते इतिहासाच्या दृष्टीने कितपत मोलाचे आहे, हा प्रश्न त्या आंकड्यांत येत नाही.

प्रथम कंपनी व राणी छापाचे रुपये घेऊं. १८३५ सालापासून रुपयाचे वजन १८० ग्रेन, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम, ठरले आणि त्यांत बारांत अकरा भाग शुद्ध चांदी असे. वजन यापेक्षा बरेच निराळे भरले, तर पुढील विचारच नको. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली. ते रुपये विपुल आहेत, आणि त्यांतील झिजलेल्या नाण्यावर प्रतवारीचा खर्च करणे म्हणजे चार आण्यांची कोंबडी अन् बारा आण्यांचा मसाला होय. उलट १९३९ सालचा रुपया दुर्मिळ आहे, म्हणूनच त्याच्या नकलाही होतात. तेथे परीक्षकाचे शुल्क सार्थकी लागते. १९११ सालच्या रुपयावर बादशहाच्या अंगरख्यावरील हत्ती डुकरासारखा दिसतो, असा बोभाटा होऊन तो चित्रभाग पुढील वर्षी सुधारावा लागला. त्याची कथा मोठी, परंतु नाणे कथेइतके दुर्लभ नाही. १८६२ हे साल असलेले रुपये तर पुढे १८७४ पर्यंत पाडले जात होते. त्यांत भेद करावयाचा तो बारीक ठिपक्यांवरून. ते ठिपके भिंगांतून पाहिल्यावाचून नाण्याविषयी मत देऊं नये.

दुसरी कसोटी घासण्याची. सणासुदीस चिंचेने वा राखेने उजळलेला रुपया डोळ्यांस सुंदर दिसतो, परंतु परीक्षक त्यास पूर्ण श्रेणी देत नाही. माळेसाठी कडी डागलेल्या नाण्याचीही तीच गत. चांदीवर काळाने चढलेली सावळी छटा ही मळ नव्हे, ती साक्ष आहे.

आतां मोगल व मराठी रुपये. बुऱ्हाणपूरच्या वा चांदवडच्या टांकसाळींत हाताने ठोकलेल्या रुपयाचा ठसा चकतीपेक्षा मोठा असे, म्हणून निम्मा मजकूर बाहेरच जाई. अशा नाण्याची परीक्षा चकाकीवर न करितां टांकसाळीचे नांव व राज्यवर्ष किती वाचता येते यावर करावी. सराफाने पारखून मारलेली खूण ग्राहकाच्या दृष्टीने व्रण असेल, पण बाजारपेठेच्या इतिहासास तोच पुरावा असतो.

हे तत्त्व नाशकाजवळच्या जोगळटेंभी येथील ठेव्याने उत्तम सिद्ध केले आहे. १९०६ साली तेथे सवातेरा हजारांवर चांदीची नाणी सांपडली. ती क्षहरात नहपानाची होती, आणि त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्वच्छ ठशाची नाणी निवडून उरलेली कोणी मोडीत घातली असती, तर एका राजाने दुसऱ्याचे राज्य घेतल्याची धातूवर उमटलेली साक्षच नाहीशी झाली असती! ज्या नाण्यांचा मूळ चेहरा बिघडला होता, तीच अधिक बोलकी ठरली.

कायद्याचीही एक बाजू आहे. जमिनींत सांपडलेला दहा रुपयांवरील किंमतीचा ठेवा १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे; तसेच शंभर वर्षांहून जुन्या नाण्यांची खासगी निर्यात १९७२ च्या पुरावस्तु कायद्याने निषिद्ध आहे. म्हणून जुने नाणे परदेशी धाडण्याचा विचारही करूं नये. नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्राची संशोधनसंस्था आहे, तिच्यासारख्या ठिकाणी ज्ञानाची कवाडे शोधावीत.

तात्पर्य, नाणे न घासतां आधी तोलावे, वाचावे, आणि कोठून आले ते कागदावर टिपून ठेवावे. दुर्मिळ असून नकलेचा संशय असेल, तरच शुल्क भरावे. बाकीचे रुपये वडिलांची ठेव म्हणून त्यांच्या टिपणासह मुलांच्या हाती सोंपवावेत. कारण ज्याचा इतिहास ठाऊक आहे, ते नाणे सहसा कोणी मुशींत टाकीत नाही.