हिशेब तपासणारा नेमका कोणाचा माणूस?

आजचा विषय ऑडिट आहे. थांबा, इअरफोन काढू नका! तुमच्या एसआयपीचे पैसे ज्या कंपन्यांत जातात, त्यांचा नफा खरा की कागदावरचा, हे तुम्ही स्वतः जाऊन बघत नाही. मीही नाही. आपण एका सहीवर विश्वास ठेवतो. आज त्या सहीची गोष्ट.

हिशेब तपासणं आपल्याला नवीन नव्हतं. पेशवाईत फडणीस हे पदच जमाखर्चावर नजर ठेवणारं. पण तो मालकासाठी मालकाचा हिशेब बघायचा. कंपनी आली आणि पेच बदलला. पैसा हजारो अनोळखी लोकांचा, चोपड्या मात्र चार संचालकांच्या हातात.

हा पेच मुंबईने फार महागात शिकला. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना आणि मुंबईच्या कापसाचे भाव आभाळाला भिडले. शहरात पैसा मावेना. रोज नवी कंपनी, नवी बँक. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. जमीन अजून पाण्याखालीच होती बरं का! या तेजीचा राजा प्रेमचंद रायचंद. बँक ऑफ बॉम्बे त्याच्या शब्दावर, शेअर तारण घेऊन कर्जं वाटत सुटली. या बँकेत सरकारचं भांडवल होतं, सरकारने नेमलेले संचालकही होते. कोणी विचारलं नाही.

एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपत आलं, कापूस कोसळला. १ जुलैला वायद्यांचे पैसे चुकते करायची वेळ आली तेव्हा बहुतेकांकडे द्यायला काही नव्हतं. बँक १८६८ मध्ये बुडाली, मग चौकशी आयोग बसला.

कायदा नव्हता का? होता. पण ब्रिटिशांनी १८४४ मध्ये कंपन्यांवर घातलेली ऑडिटची सक्ती १८५६ मध्ये स्वतःच काढून टाकली होती. भागधारक आणि संचालक आपसात बघून घेतील, हा विचार. आपला १८५७ चा कंपनी कायदा त्याच साच्यातला. मला विचाराल तर या सगळ्या गोष्टीतला सर्वांत महाग निर्णय तोच. इंग्लंडमध्ये सर्व कंपन्यांसाठी ही सक्ती परत यायला १९०० साल उजाडलं.

आता पुढचा प्रश्न. तपासायचं ठीक आहे, पण तपासणारा कोण? आपल्याकडे ऑडिटरची पात्रता १९१३ च्या कायद्याने ठरवली. १९१८ मध्ये मुंबईत जीडीए, म्हणजे अकाउंटन्सीचा सरकारी डिप्लोमा सुरू झाला. परीक्षा पास व्हा, तीन वर्षं उमेदवारी करा, मग सर्टिफिकेट. आजच्या सीएची आर्टिकलशिप आठवली ना?

आणि १९४९ मध्ये, संविधान लागू व्हायच्याही आधी, चार्टर्ड अकाउंटंट्सचा कायदा झाला. गंमत बघा, 'चार्टर' म्हणजे मुळात राजाची सनद. एडिंबराच्या हिशेबनिसांना ती १८५४ मध्ये मिळाली होती. आपल्याला कुठल्या राजाने सनद दिली नाही, नाव मात्र तेच घेतलं. या कायद्याने व्यवसायाची शिस्त व्यवसायाच्याच संस्थेकडे सोपवली. परीक्षा तीच घेणार, चूक झाली तर कानही तीच पिळणार.

साठ वर्षं हे चाललं. मग ७ जानेवारी २००९. सत्यमच्या रामलिंग राजूंनी पत्र लिहून कबूल केलं की ताळेबंदातली ५,०४० कोटींची रोकड आणि बँक शिल्लक अस्तित्वातच नाही. बँकेत पैसे आहेत का, हे बँकेलाच विचारून खात्री करणं हा ऑडिटचा पहिला धडा! हजारो इंजिनिअरांच्या नोकऱ्या एका पत्राने टांगणीला लागल्या. शेवटी टेक महिंद्राने कंपनी घेतली म्हणून निभावलं.

त्यानंतर २०१३ च्या कंपनी कायद्यात वेगळ्या नियामकाची तरतूद झाली. व्यवसायातून विरोध झाला, गाडी रखडली, आणि एनएफआरए प्रत्यक्षात यायला ऑक्टोबर २०१८ उजाडला. आता मोठ्या कंपन्यांच्या ऑडिटरवर कारवाई त्यांच्या बिरादरीबाहेरचा माणूस करतो.

जाता जाता एक. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये कोणती नोंद कधी बदलली, याचा माग राहिलाच पाहिजे, आणि तो बंद करता येता कामा नये, असा नियम आहे. तुमच्यापैकी कोणी आर्टिकलशिप करत असेल, तर ऑफिसात तो माग खरंच कोणी उघडून बघतं का, ते मला कळवा. पुढच्या भागात त्यावरच बोलू.