एका आवर्तनाचा उशीर

‘संगत’ या शब्दाचे मराठीत दोन संसार आहेत. माणसाला माणसाची संगत लागते आणि गवयाला तबल्याची. एकीकडे सहवास, दुसरीकडे साथ. हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात सुखाने नांदले, कारण साथ करणारा त्याच बैठकीत, त्याच क्षणी, हाताच्या अंतरावर बसलेला असणार हे कोणी वेगळे सांगण्याची गरज नव्हती. ध्वनिमुद्रणाच्या तंत्राने गेल्या ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांत या दोन अर्थांची फारकत केली. आज एका शहरातला वादक दुसऱ्या खंडातल्या गायिकेला संगणकावरून साथ पाठवतो, आणि त्या दोघांची कधी भेटही झालेली नसते. या घटनेकडे अंतरावरचा विजय म्हणून पाहण्याची प्रथा आहे. आम्हांला मात्र असे वाटते की अंतराचा प्रश्न तुलनेने सोपा होता; खरी गाठ काळाशी होती, आणि ती अजून सुटलेली नाही.

या इतिहासाचा आरंभ दूरच्या दोघांपासून होत नाही, एकट्यापासून होतो. १८ एप्रिल १९४१ रोजी न्यूयॉर्कमध्ये सिडनी बेशे या जॅझवादकाने ‘द शेख ऑफ अॅरबी’ हे गीत एकट्याने ध्वनिमुद्रित केले. क्लॅरिनेट, दोन प्रकारचे सॅक्सोफोन, पियानो, बास आणि ड्रम अशी सहा वाद्ये त्याने एकामागून एक वाजवली. आधीची तबकडी ऐकायची, तिच्यावर नवे वाद्य वाजवायचे, आणि दोन्ही मिळून नव्या तबकडीवर उतरवायचे अशी ही रीत होती. दर फेरीला आधीचा आवाज थोडा अधिक मलूल होई. पुढे लेस पॉल या गिटारवादकाने हीच रीत टेपवर आणली. पत्नी मेरी फोर्ड हिच्यासह केलेले त्याचे ‘हाउ हाय द मून’ हे १९५१ सालचे गीत अशाच थरांनी रचलेले आहे. १९५७ साली अॅम्पेक्स कंपनीने त्याच्यासाठी आठ ट्रॅकचे टेपयंत्र बांधून दिले. त्यात जुना ट्रॅक ऐकत असतानाच त्याच्याशी अचूक जुळणारा नवा ट्रॅक भरता येई, आणि जुन्याला धक्का लागत नसे.

या यंत्राने एक नवे नाते जन्माला घातले, ते नीट ओळखून ठेवले पाहिजे. दुसरा वादक पहिल्याला ऐकतो, पहिला मात्र दुसऱ्याला ऐकत नाही. त्याचे वाजवून संपलेले असते. संवादाची जागा येथे भाष्याने घेतली. मूळ संहिता आधी, टीका नंतर, असा हा क्रम साहित्याच्या अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. ज्ञानेश्वर गीतेला उत्तर देऊ शकतात, गीता ज्ञानेश्वरांना उत्तर देऊ शकत नाही. मोठे भाष्य यातून घडते हे खरेच. पण भाष्य आणि संभाषण यांतला भेद त्यामुळे पुसला जात नाही.

हा बदल मुंबईने फार जवळून पाहिला आहे. १९५० आणि १९६० च्या दशकांतले हिंदी चित्रपटगीत बहुधा गायक आणि वाद्यवृंद एकाच वेळी हजर ठेवून मुद्रित होई. शेवटच्या ओळीत एखादे व्हायोलिन चुकले तरी सर्वांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागे. या वृंदांत गोव्याहून आलेल्या वादकांचा मोठा वाटा होता. अँथनी गोन्साल्विस आणि सॅबॅस्टियन डिसोझा यांच्यासारखे अरेंजर त्यांतलेच. ग्रेगरी बूथ यांच्या ‘बिहाइंड द कर्टन’ (२००८) या ग्रंथात या वादकांचे जग त्यांच्याच बोलण्यातून उभे राहते. ट्रॅक वाढत गेले तशी सर्वांनी एकत्र येण्याची गरज कमी होत गेली. युगुलगीतातले दोन गायक वेगवेगळ्या दिवशी आपापला आवाज देऊन जाऊ लागले. १९९० च्या दशकात संगणक आणि सिंथेसायझर यांनी व्हायोलिनच्या रांगाच अनावश्यक ठरवल्या. संगतीचा एक अर्थ गेला तेव्हा त्याच्याबरोबर कित्येकांचा रोजगारही गेला, हे या इतिहासात नोंदवलेच पाहिजे.

एकाच स्टुडिओत वेगवेगळ्या दिवशी गाता येते, तर वेगवेगळ्या शहरांत का नाही? १९९३ साली फ्रँक सिनात्राचा ‘ड्युएट्स’ हा संग्रह आला. सिनात्रा हॉलीवूडमध्ये वाद्यवृंदासमोर गायला, सहगायकांनी आपापले भाग स्वतंत्रपणे मुद्रित केले, आणि त्यांतले काही दूरध्वनीच्या जाळ्यावरून पोचले. नाव युगुलगीतांचे, पण दोघे समोरासमोर नाहीत. दहा वर्षांनी दोन अमेरिकी तरुणांनी हीच गोष्ट मुळीच न लपवता केली. लॉस एंजेलिसचा जिमी टँबोरेलो वाद्यांचा भाग तयार करून डिजिटल टेप टपालाने सिअॅटलच्या बेन गिबर्डकडे पाठवी. गिबर्ड त्यात काटछाट करून, शब्द आणि आवाज घालून परत धाडी. त्यांनी आपल्या जोडीचे नावच ‘द पोस्टल सर्व्हिस’ ठेवले आणि २००३ साली ‘गिव्ह अप’ हा संग्रह काढला. अमेरिकेच्या टपालखात्याने नावावर हरकत घेतली. पुढे समेट झाला आणि खात्याने तोच संग्रह आपल्या संकेतस्थळावर विकायला ठेवला.

हा पत्रव्यवहार शक्य झाला तो संगणकामुळे. १९८३ साली आलेल्या ‘मिडी’ या संकेतपद्धतीने वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी बोलू लागली. १९९१ साली ‘प्रो टूल्स’ आले आणि टेपवरचा ट्रॅक पडद्यावरची आडवी पट्टी झाला. ही पट्टी कापता येते, सरकवता येते, आणि केलेले सारे रद्दही करता येते. पुढच्या दशकात अशी साधने घरच्या संगणकावर आली, तेव्हा वादनाचे एका अर्थी लेखन झाले. आता वादनाला खर्डे असतात, दुरुस्त्या असतात, पाठभेद असतात. लेखकाला जे स्वातंत्र्य पूर्वीपासून होते ते वादकाला मिळाले, हा लाभ आम्ही लहान मानत नाही. ज्याला मैफलीत घाम फुटतो, असा लाजरा वादक आपल्या खोलीत बसून चाळिसाव्या प्रयत्नात तो सूर गाठू शकतो.

पण ज्यांना पत्र नको होते, गप्पाच हव्या होत्या, त्यांची वाट निसर्गनियमांनी अडवली. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. स्टॅनफर्ड विद्यापीठात ख्रिस चेफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांच्या जोड्या वेगळ्या खोल्यांत बसवून त्यांना एकमेकांच्या आवाजावर टाळ्यांचा ठेका धरायला सांगितला, आणि मधला विलंब कमीजास्त करून पाहिला. २००४ साली त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा: सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजायचे तर विलंब साधारण साडेअकरा भागांहून अधिक झाला की लय ओढली जाऊ लागते, आणि त्याहून कमी असला तर ती किंचित चढते. तेवढ्या वेळात ध्वनी चार मीटर जातो. म्हणजे दोन माणसांची लय स्थिर राहावी असे नैसर्गिक अंतर एका मध्यम खोलीएवढे आहे! आता मुंबई आणि न्यूयॉर्क यांचा विचार करू. अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. केबल अगदी सरळ रेषेत टाकली तरी एका बाजूचा विलंब बासष्ट भागांखाली उतरणार नाही. यंत्रे कितीही सुधारली तरी हा हिशेब बदलत नाही.

या अडचणीवरचा आमच्या मते सर्वांत कल्पक उपाय २००५ साली निघाला. ‘विनॅम्प’चा कर्ता जस्टिन फ्रँकेल याने ‘निंजॅम’ नावाची प्रणाली रचली. विलंब कमी करण्याच्या खटपटीत न पडता त्याने तो मुद्दाम वाढवला, आणि थेट एका पूर्ण चक्राएवढा केला. सर्वांनी मात्रा आणि गती आधी ठरवायची. मग मी या चक्रात जे वाजवीन ते तुम्हांला पुढच्या चक्रात ऐकू येईल, आणि तुम्ही आता वाजवता ते मला पुढच्या. प्रत्येक जण इतरांच्या नुकत्याच सरलेल्या चक्रावर वाजवत असतो, तरीही सर्वांची पहिली मात्रा एकत्र पडते. आपल्या भाषेत हे एका आवर्तनाच्या उशिराने केलेले वादन. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत सोळा मात्रांचे आवर्तन म्हणजे आठ सेकंद. तेवढ्या भूतकाळाशी केलेली ही संगत.

ठरावीक स्वरसंगतींच्या चक्रावर चालणाऱ्या संगीताला हे मानवते. ख्यालाला मानवेल काय? तालाचे चक्र आपल्याकडे आहेच आणि समही जागच्या जागी येईल. पण ख्यालात समेवर पोचण्याआधी जे घडते ते महत्त्वाचे. गायक मुखड्याकडे वळतो आहे हे तबलजीला त्याच्या श्वासावरून कळते. तो हात आवरतो, जागा देतो, आणि ती जागा मिळाली म्हणून गायकाला पुढची तान सुचते. हे देणेघेणे एकाच आवर्तनाच्या पोटात होते. एका आवर्तनानंतर पोचलेली समज ही दुसऱ्या दिवशी दिलेल्या दादेसारखी असते. ती खरी असेल, पण त्या तानेच्या उपयोगाची नसते.

म्हणून ही नवी रीत खोटी ठरते, असे आम्हांला म्हणायचे नाही. २०१० साली एरिक व्हिटाकर या अमेरिकी संगीतकाराने बारा देशांतल्या १८५ आवाजांचे एक वृंदगान जोडले. आधी त्याने शांततेत एकट्यानेच हात हलवत संचालन चित्रित केले. गायक नंतर आपापल्या घरी त्या हातांकडे पाहत गायले. २०२० साली टाळेबंदी आली तेव्हा जगभरच्या वृंदांनी याच वाटा धरल्या, कारण दुसरी वाट उरली नव्हती. त्या काळात पत्रालाही संगत म्हणावे असे दिवस होते.

हरकत आहे ती पत्राला संभाषण म्हणून खपवण्याला. ‘ड्युएट्स’ ऐकणाऱ्याला दोघे समोरासमोर आहेत असा भास दिला जातो. ‘पोस्टल सर्व्हिस’ आपल्या नावातच टपाल सांगते, आणि ‘निंजॅम’ उशीर मोजून दाखवते. कलाकृती काळाशी कोणता करार करते हे तिने लपवले नाही, तर त्या कराराच्या आत नवे रूप जन्माला येऊ शकते. मराठीत ‘संगत’ हा शब्द यापुढेही दोन्ही अर्थांनी चालत राहील; तो वापरताना साथ करणाऱ्याला उत्तर ऐकू येत होते की नाही, एवढे मात्र दर वेळी विचारले पाहिजे.