पेटीतली पत्रं आणि हयातीचा दाखला

मी भिलाईहून बोलतोय. 1955 नंतर इथे पोलाद कारखाना उभा राहू लागला आणि देशभरातून माणसं आली, त्यांत मराठी घरंही होती. अशा एखाद्या घरच्या ट्रंकेत आजोबांचे लष्करी कागद असतील, तर ते नीट पाहा.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या हिंदी शिपायांची पत्रं सेन्सॉर वाचायचा. निवडक मजकुराचं इंग्रजी भाषांतर लंडनमध्ये जपलेलं आहे. मूळ मराठी पत्र टिकलं असेल, तर ते बहुधा घरीच.

पत्रानंतरची गोष्ट पेन्शनचे कागद सांगतात. 10 जुलै 1944 रोजी माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे इटलीत धारातीर्थी पडले. त्यांचा व्हिक्टोरिया क्रॉस 1945 मध्ये दिल्लीत पत्नी लक्ष्मीबाईंनी स्वीकारला. बाकीच्या बहुतेक विधवांच्या वाट्याला असा सोहळा आला नाही. त्यांना पेन्शन चालू ठेवायला हयातीचा दाखला द्यावा लागे. दुसरं लग्न केलं की पेन्शन बंद. सख्ख्या दिराशी केलं तर चालू, असा नियम कित्येक वर्षं होता. बाईचं उरलेलं आयुष्य या एका ओळीने बांधलं होतं.

म्हणून सांगतो, पत्रं जपाच. पण पेन्शनचे कागदही रद्दीत देऊ नका. ते तुमच्या आजीचा इतिहास आहेत.