सत्तावीसशे व्हॉल्व्ह आणि माझे पाच

१९६० साली मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये एक संगणक रीतसर कामाला लागला. त्याचं नाव टिफ्रॅक. भारतात घडलेल्या अगदी पहिल्या संगणकांपैकी हा एक. अठरा फूट लांब आणि आठ फूट उंच पोलादी सांगाडा, आत २,७०० व्हॉल्व्ह, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रेझिस्टर.

आता एक साधं गणित करू. समजा, एक व्हॉल्व्ह सरासरी १०,००० तास टिकतो. सलग चालवला तर हे वर्षाहून जास्त झालं, म्हणजे काही वाईट नाही. पण असे २,७०० व्हॉल्व्ह एकत्र लावले, की सरासरी दर पावणेचार तासांनी त्यातला कुठला तरी एक जाणार. आणि एवढ्या गर्दीत एक बिघडला तरी उत्तर चुकू शकतं. मग व्हॉल्व्ह बदलायचा कधी? गेल्यावर, की जायच्या आधी? आधी म्हणजे नेमका किती आधी?

हा प्रश्न माझ्या घरातही आहे, फक्त आकडा लहान आहे. मी महाळुंग्यात राहतो, मुळा ओलांडून हिंजवडीला नोकरीला जातो आणि रात्री शेजाऱ्यांच्या सहनशीलतेत बसेल एवढ्या आवाजात गिटार वाजवतो. माझ्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये पाच व्हॉल्व्ह आहेत: तीन छोटे, दोन मोठे. गिटारवाले त्यांना ट्यूब म्हणतात. कधी बदलायच्या, यावर मित्रांचे दोन पंथ आहेत. एक म्हणतो, दरवर्षी सगळ्या बदलून टाक. दुसरा म्हणतो, जळेपर्यंत हात लावू नकोस. हे दोन्ही पंथ माझ्या अ‍ॅम्प्लिफायरपेक्षा बरेच जुने आहेत.

आधी व्हॉल्व्ह म्हातारा कसा होतो ते पाहू. काचेच्या नळीतून हवा काढून घेतलेली असते. मध्ये कॅथोड असतो, त्यावर बेरियम आणि स्ट्रॉन्शियमच्या ऑक्साइडचा लेप. तो तापला की इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या अ‍ॅनोडकडे धावतात. वाटेतल्या जाळीवर गिटारचा इवलासा सिग्नल दिला, की त्याच्या तालावर हा मोठा प्रवाह कमीजास्त होतो. लेप जुना झाला, की इलेक्ट्रॉन कमी सुटू लागतात. बल्ब जातो तो एका क्षणात. व्हॉल्व्ह बहुतेक वेळा हळूहळू थकतो. रोज ऐकणाऱ्याच्या कानाला त्याची सवय होते, आणि आवाज कधी मंद झाला हे कळतच नाही.

महाराष्ट्रातल्या घरांना हे थकणं ओळखीचं होतं. आकाशवाणीचं पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झालं. १ एप्रिल १९५५ पासून तिथून ‘गीतरामायण’ प्रसारित होऊ लागलं: ५६ गीतं, आठवड्याला एक, जवळजवळ वर्षभर. बाजारात विकला गेलेला पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ अमेरिकेत येऊन तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. म्हणजे गदिमा आणि बाबूजींचं ते रामायण आपल्याकडच्या घरांनी ऐकलं ते व्हॉल्व्हच्या रेडिओवर. बटण फिरवायचं, व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबायचं, मग आवाज यायचा.

काही रेडिओंना ‘मॅजिक आय’ असे, स्टेशन नीट लागलं की नाही ते दाखवणारा हिरवा डोळा. तोही एक व्हॉल्व्हच. वर्षागणिक त्याचा उजेड कमी होत जाई, म्हणजे म्हातारपण चक्क डोळ्यांना दिसे. बाकीचे व्हॉल्व्ह असं काही दाखवत नाहीत. त्यांच्यासाठी दुरुस्तीवाल्याकडे दोन सोप्या युक्त्या होत्या. चालू रेडिओतल्या व्हॉल्व्हवर पेन्सिलीने हलकीशी टिचकी मारायची. खरखर किंवा घंटेसारखा नाद आला, तर गुन्हेगार तोच. नाहीतर संशयिताच्या जागी खात्रीचा चांगला व्हॉल्व्ह लावून ऐकायचं.

१९६१ पासून बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स कंपनी रेडिओचे व्हॉल्व्ह बनवू लागली. तिच्या व्हॉल्व्हमध्ये ईएल८४ होता. हाच ईएल८४ इंग्लंडमधल्या व्हॉक्स एसी३० या गिटार अ‍ॅम्प्लिफायरमध्ये चार-चार बसवलेला असे, आणि बीटल्स त्यावर वाजवत. दिवाणखान्यातला रेडिओ आणि लंडनचं रॉक संगीत, दोघांची इंद्रियं एकच होती.

रेडिओत मोजके व्हॉल्व्ह असल्याने टिचकी पुरत होती. हजारोंच्या यंत्रात ती कुठे कुठे मारणार? दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये टॉमी फ्लॉवर्स कोलोसस हे यंत्र बांधायला निघाले, तेव्हा एवढे व्हॉल्व्ह एकत्र टिकणार नाहीत असं अनेकांना वाटत होतं. फ्लॉवर्सना टेलिफोन खात्यातल्या अनुभवावरून माहीत होतं, की व्हॉल्व्ह जातात ते मुख्यतः चालू-बंद करताना. म्हणून यंत्र बंदच करायचं नाही. अमेरिकेतल्या एनिॲकमध्ये १७,४६८ व्हॉल्व्ह होते. तिथल्या इंजिनिअरांनी ते सोसतील त्यापेक्षा बऱ्याच कमी भारावर चालवले.

पण मला सगळ्यात आवडते ती एमआयटीच्या व्हर्लविंड संगणकाची गोष्ट. तो १९५१ मध्ये कामाला लागला. जे फॉरेस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हॉल्व्हचे तास मोजत बसण्याऐवजी यंत्रालाच विचारायचं ठरवलं. ठरावीक वेळी खरं काम थांबवून ते यंत्राच्या एकेका भागाचा व्होल्टेज मुद्दाम कमीजास्त करत आणि चाचणीचा प्रोग्राम चालवत. धडधाकट व्हॉल्व्ह हा त्रास सोसत. थकलेला तिथेच चुके आणि पकडला जाई, खऱ्या कामात चुकण्याआधीच. आज आमच्या ऑफिसात सर्व्हरवर मुद्दाम जादा भार टाकून कोण कोलमडतंय ते पाहतात, त्यामागचा विचार हाच आहे.

या इतिहासाने दोन्ही पंथांना खोटं पाडलं. ‘दरवर्षी सगळे बदला’ यात चांगले चालणारे व्हॉल्व्ह फेकले जातात, आणि नवा कोरा व्हॉल्व्ह सुरुवातीच्या काही तासांत दगा देण्याची शक्यताही बरीच असते. ‘जळेपर्यंत चालवा’ यात मोठा व्हॉल्व्ह जाताना सोबत ट्रान्सफॉर्मरही नेऊ शकतो.

म्हणून मी विचारतो. छोट्या व्हॉल्व्हना टिचकी मारतो. शांत असतील तर वर्षानुवर्षं तसेच ठेवायचे. मोठे दोन जास्त राबतात, म्हणून आधी थकतात: खर्ज ढिला पडतो, वरचे सूर बोथट होतात, पूर्वीएवढ्या आवाजासाठी बटण अधिक फिरवावं लागतं. शंका आली की खात्रीची जोडी लावून तीच धून वाजवायची. फरक ऐकू आला तर दोन्ही एकदम बदलायचे, कारण ते जोडीने काम करतात. काचेच्या आतला चंदेरी डाग पांढरा पडला, तर आत हवा शिरली, खेळ संपला. अ‍ॅनोडचा पत्रा लाल तापलेला दिसला, तर क्षणात बंद करायचं. काचेवरची फिकट निळी झाक मात्र निरुपद्रवी असते. आणि आतली दुरुस्ती जाणकारावरच सोपवायची. तिथे तीनशे व्होल्ट आणि वर असतात, बटण बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये टिकून राहतात.

फ्लॉवर्सचा नियम मात्र घरी लावायचा नाही. कोलोससला दिवसरात्र काम होतं. माझा अ‍ॅम्प्लिफायर रात्री तासभर वाजतो; उरलेले तेवीस तास तापत ठेवला तर लेप फुकट झिजेल.

टिफ्रॅक १९६० च्या दशकातच निवृत्त झाला. त्याच्या रचनेतली एक गोष्ट मला फार शहाणपणाची वाटते. सांगाड्याच्या प्रत्येक कप्प्याला दोन्ही बाजूंनी पोलादी दारं होती, आतल्या सर्किटपर्यंत हात पोचावा म्हणून. माझ्या खिशातला फोन डिंकाने बंद केलेला आहे. तो उघडायचा म्हणजे जवळजवळ फोडायचाच. टिफ्रॅक बांधणाऱ्यांनी आत काही ना काही थकणारच, हे पहिल्याच दिवशी मान्य केलं होतं, आणि त्यासाठी दार ठेवलं होतं.