आजारपणातील एक पत्र

शाळेचा प्रमुख कसा असावा, हा प्रश्न पालकसभेत हटकून निघतो. शिस्तीचा असावा, हिशेबाला चोख असावा, अशी उत्तरे येतात. ती खोटी नव्हेत. परंतु एका जुन्या पत्रात याहून निराळे उत्तर आहे.

हे पत्र १० ऑक्टोबर १८५६ चे. सावित्रीबाई फुले आजारी पडून माहेरी नायगावी गेल्या होत्या. तेथून जोतीरावांना प्रकृतीचे वर्तमान कळविताना त्यांना पुण्यातील सहकारी फातिमाबाईंची आठवण होते. आपल्या गैरहजेरीत फातिमेला त्रास पडत असेल, तरी ती तक्रार करणार नाही, अशा आशयाचे ते शब्द आहेत. स्वतः अंथरुणावर असताना सहशिक्षिकेच्या अंगावर पडलेल्या भाराची चिंता करणारी ही मुख्याध्यापिका!

फातिमाबाई शेख यांच्याविषयी अस्सल कागद फार थोडे, दंतकथा मात्र पुष्कळ. त्यांच्या जन्मतिथीवरून वाद घालण्यापेक्षा ही एक ओळ मला अधिक मोलाची वाटते. १८४९ मध्ये फुले दांपत्याला घर सोडावे लागले, तेव्हा उस्मान शेख यांनी आसरा दिला, असे सांगतात. फातिमाबाई त्यांच्या भगिनी मानल्या जातात.

१८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, तेव्हा आपला बुलढाणा परिसर निजामाच्या अमलाखाली होता. १८५३ च्या तहाने वऱ्हाड कंपनीकडे गेला. तिकडे पुण्यात १८५१ मध्ये चिपळूणकरांच्या वाड्यात दुसरी शाळा निघाली, महार-मांग मुलांसाठीही वर्ग भरू लागले. त्याच शाळांतील मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने १८५५ मध्ये आपल्या समाजाच्या दुःखाविषयी निबंध लिहिला व तो ‘ज्ञानोदया’त छापून आला. शिकविणारे एकजुटीने उभे होते, म्हणून अशी मुलगी बोलू शकली.

पुढे कोठारी आयोगाने (१९६४-६६) जवळपासच्या शाळांनी समूह करून एकमेकींना साह्य करावे, अशी शिफारस केली. आज केंद्रातील शिक्षक शिक्षण परिषदेत एकत्र बसतात. तेथे मराठी शाळेच्या बाई व उर्दू शाळेच्या आपा एकमेकींचा पाठ पाहतात, की सारा वेळ तक्ते भरण्यातच जातो? मागे राहिलेल्या मुलाचे नाव तेथे निघते काय? पुढील पालकसभेत निकालाच्या टक्केवारीबरोबर हेही मुख्याध्यापकांना अदबीने विचारावे.