धारवाडच्या एका अर्जाचा प्रवास

महात्मा फुल्यांनी महार-मांगांच्या मुलांसाठी काढलेल्या शाळांविषयी आपण अभिमानाने बोलतो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच दशकात सरकारी शाळेचे दार ठोठावणाऱ्या एका मुलाचा अर्ज कोणकोणत्या कचेऱ्यांतून फिरला, याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही.

जून १८५६ ची गोष्ट. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. तेथील सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाच्या वतीने मुंबई सरकारकडे अर्ज गेला. सामान्य जनतेपर्यंत शिक्षण नेण्याची भाषा करणारा वुडचा खलिता येऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. २१ जुलैला सरकारने ठराव केला. त्यात या मुलाचा उल्लेख ‘महार अर्जदार’ असा आहे. अर्जदाराच्या बाजूला तात्त्विक न्याय आहे याबद्दल शंका नाही, असे सरकारने स्वच्छ मान्य केले. आणि लगेच पुढे म्हटले की, युगानुयुगांच्या समजुतींत एका किंवा काही थोड्या व्यक्तींसाठी तडकाफडकी हात घातला, तर शिक्षणाच्या कार्याचीच हानी होईल. शिवाय अर्जदाराची ही अडचण काही या सरकारने निर्माण केलेली नाही!

न्याय अर्जदाराचा, शाळा मात्र इतरांची. माझ्या घरात माझ्याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नव्हते. त्यामुळे हा ठराव तटस्थ इतिहासकाराच्या नजरेने वाचणे मला जमत नाही. ‘थोड्या व्यक्ती’ हे शब्द विशेष बोचतात. ज्या समाजाला अक्षर नाकारले गेले, त्याच्याकडून अर्ज थोडेच येणार. ते थोडे आहेत म्हणून नाकारायचे, आणि नाकारले म्हणून ते थोडेच राहणार. सरकारच्या हिशेबात ‘शिक्षणाचे कार्य’ म्हणजे आधीच शाळेत बसलेल्यांचे शिक्षण, हेही यातून उघड होते.

प्रकरण कलकत्त्याला गेले. जानेवारी १८५७ मध्ये हिंदुस्थान सरकारने कळवले की, मुंबई सरकार बहुधा शहाणपणानेच वागले असावे. मात्र बंगाल इलाख्यातील कोणत्याही सरकारी शाळेत या मुलाला प्रवेश नाकारला गेला नसता. केवढा सभ्य पत्रव्यवहार! वरिष्ठाने नापसंती दाखवली, पण कनिष्ठाचा निर्णय फिरवला नाही. या कचेऱ्यांत सहकार्य नव्हते असे कोण म्हणेल? कागद हरवला नाही, उत्तरे वेळेवर गेली, कोणी कोणाचा अपमान केला नाही. मुलाला शाळेत बसवणे हे काम तेवढे कोणाच्याच टेबलावर नव्हते.

शेवटी लंडनहून कंपनीच्या संचालकांचा खलिता आला, २८ एप्रिल १८५८ चा. अर्जाला बावीस महिने झाले होते. सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या आहेत, या तत्त्वापासून आम्ही ढळणार नाही, असे त्यांनी बजावले. हे तत्त्व अमलात आणताना काही विद्यार्थी निघून गेले तरी चालेल. ज्यांना ते मान्य नसेल त्यांनी आपला पैसा काढून घ्यावा आणि वेगळ्या शाळा काढाव्यात. उत्तर खणखणीत होते. त्याचे गावोगाव काय झाले हे १८८२ च्या हंटर आयोगापुढे दिसले. महार-मांगांना इतर शाळांत बसू देत नाहीत, म्हणून जेथे त्यांची संख्या मोठी आहे तेथे त्यांच्यासाठी स्वतंत्र शाळा काढा, अशी मागणी जोतीरावांना आयोगाकडे करावी लागली. आयोगाने १८५८ चे तत्त्व पुन्हा मान्य केले आणि ते सावधपणे राबवावे अशी पुस्तीही जोडली.

पुढे कागदाची दिशा उलटली, आणि तो वरून खाली येऊ लागला. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळाने सी. के. बोले यांचा ठराव संमत केला. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, दवाखाने, कचेऱ्या आणि (सदुसष्ट वर्षांनंतर पुन्हा) शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. ११ सप्टेंबरला सरकारने खातेप्रमुखांना अंमलबजावणीचा आदेश दिला. स्थानिक संस्थांच्या बाबतीत मात्र कलेक्टरांनी त्यांना सल्ला द्यायचा होता: ठराव स्वीकारणे इष्ट आहे की नाही याचा विचार करावा! ‘विचार करावा’ हे दोन शब्द १८५६ च्या ठरावाचेच वंशज आहेत. बोल्यांना हे कळले असावे, कारण ५ ऑगस्ट १९२६ रोजी त्यांनी दुसरा ठराव मांडला, जी संस्था ऐकणार नाही तिचे अनुदान थांबवावे असा.

महाडच्या नगरपालिकेने विचार केला, १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठरावही केला. कागदावर तळे खुले झाले. अस्पृश्यांनी त्याचे पाणी प्रत्यक्ष घेतले ते २० मार्च १९२७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागून चालत जाऊन. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला आणि डिसेंबरात प्रकरण दिवाणी न्यायालयात गेले. हायकोर्टाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ रोजी.