तलफेवरचे चुंबक

दुधनीच्या बाजार समितीत तुरीची पोती उतरली की हमाल भिंतीला टेकतात आणि तंबाखूची पुडी निघते. डाव्या तळहातावर चिमूटभर तंबाखू, नखाने काढलेला चुना, उजव्या अंगठ्याने मळणे, दोन थापट्या, आणि बार खालच्या ओठाआड. चुन्यामुळे तंबाखूतले निकोटीन मोकळे होऊन तोंडाच्या अस्तरातून भरभर रक्तात उतरते. काही वेळाने तलफ पुन्हा हजर. डोक्याला बाहेरून चुंबक लावून ही तलफ कमी करता येईल का, यावर वैद्यकात गेली काही वर्षे गंभीरपणे काम चालले आहे. त्या चुंबकाची ही कुळकथा.

मूळपुरुष मायकेल फॅरेडे. चुंबकीय क्षेत्र बदलले की जवळच्या वाहकात वीज वाहते, हे त्यांनी १८३१ मध्ये दाखवले. मेंदूही वाहकच. १८९६ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ दार्सोनवाल यांच्या प्रयोगात तारेच्या मोठ्या वेटोळ्यात डोके धरलेल्या माणसांना प्रकाश लुकलुकताना दिसला. पुढे बराच काळ ही वाट सामसूमच होती. १९८० मध्ये टाळूवरून विजेचा झटका देऊन हात हलवता आला, पण तो फार दुखे. १९८५ मध्ये शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी सहकाऱ्यांसह वीज सोडली की चुंबक बनणारे तारेचे वेटोळे डोक्यावर धरले, आणि फारसे न दुखता हात हलला. मेंदूपासून स्नायूपर्यंतची वाट शाबूत आहे का, एवढेच त्यांना तपासायचे होते. व्यसन त्यांच्या गावीही नव्हते.

व्यसनाचा धागा दुसरीकडून आला. १९५४ मध्ये माँट्रियलमध्ये जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी उंदराच्या मेंदूत बारीक तार बसवली. त्या जागी वीज मिळावी म्हणून उंदीर कळ दाबतच राहिला. मला मात्र त्याहून मोलाचा वाटतो तो २००७ चा शोध. पक्षाघाताने किंवा इजेने मेंदूच्या इन्सुला नावाच्या आतल्या घडीला धक्का बसलेल्या काही जणांची सिगारेट सहज सुटली होती. नुसती सुटली नव्हती, ओढावीशीच वाटत नव्हती. वर्षानुवर्षे ज्याला आपण मनाचा कमकुवतपणा म्हणून हिणवले, त्याला मेंदूत ठावठिकाणा आहे, हे इतके उघडपणे तोवर दिसले नव्हते.

हे चुंबक तलफेवर वापरून पाहणाऱ्यांत भारतातले नाव रांचीच्या केंद्रीय मनोचिकित्सा संस्थेचे. तिथल्या डॉक्टरांनी दारूच्या आहारी गेलेल्या ४५ रुग्णांवर अभ्यास केला. ३० जणांना खरा उपचार, १५ जणांना लुटुपुटीचा, रोज एक याप्रमाणे दहा वेळा. खऱ्या उपचाराने दारूची तलफ अधिक उतरली. २०१० मध्ये तो निबंध प्रसिद्ध झाला. २०२० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने एका चाचणीच्या आधारे सिगारेट सोडण्यासाठी अशा यंत्राला मान्यता दिली.

उपचार कसा होतो? रुग्ण शुद्धीवर खुर्चीत बसलेला असतो, कानात बोळे असतात. चुंबकाचा जोर ठरवताना डॉक्टर बहुधा त्याच्या हाताकडे बघतात: ज्या जोराला अंगठा आपोआप उडतो, ते त्याचे माप. मग वेटोळे ठरलेल्या जागी आणून टकटक सुरू होते. सिगारेटच्या त्या चाचणीत तर आधी मुद्दाम तलफ जागवत आणि मगच चुंबक लावत. फिट्स येणाऱ्यांना किंवा डोक्यात धातूचा भाग बसवलेल्यांना हा उपचार सहसा देत नाहीत.

आता आकडे. सिगारेटच्या त्या चाचणीत २६२ जण होते. खऱ्या उपचारानंतर १९.४ टक्के लोकांनी सिगारेट सोडली, लुटुपुटीच्या उपचारानंतर ८.७ टक्क्यांनी. म्हणजे दुपटीहून अधिक, तरीही पाचातल्या चौघांची सुटली नाही. जादू म्हणून हे यंत्र विकणाऱ्यापासून दूर राहावे.

आणि ही चाचणी सिगारेट ओढणाऱ्यांवर झाली. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर तंबाखू चघळणारे, मिश्री लावणारे वगैरे २४.४ टक्के. आपले दुखणे ओठाआडचे आहे. शिवाय तीन आठवडे रोज शहरातल्या दवाखान्यात जायचे, तर हमालाची तितक्या दिवसांची मजुरी बुडते. हा उपचार आपल्याकडे यायचा तर चघळणाऱ्यांवर मोठ्या चाचण्या व्हाव्यात आणि यंत्र जिल्हा रुग्णालयात असावे, अशी मागणी आपणच लावून धरली पाहिजे.

तोवर थांबून राहू नका. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. स्वतःसाठी नाही तर घरातल्या कुणासाठी, पण फोन करा.